उत्तर देणारे यंत्र आणि प्रश्न विचारणारे मूल



आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेचा हा अंक वाचकांच्या हाती देताना आम्हांस नेहमीप्रमाणे आनंद होत आहे. दरवर्षी या पृष्ठावर मंडळाच्या कार्याचा आढावा घ्यावयाचा, देणगीदारांचे व जाहिरातदारांचे आभार मानावयाचे आणि येत्या वर्षाचे संकल्प सांगावयाचे, असा शिरस्ता आहे. आढावा आणि आभार अंकात अन्यत्र आले आहेत. यंदा हे पृष्ठ आम्ही एका वेगळ्या विषयासाठी राखून ठेवले आहे. आपल्या शाळकरी मुलांच्या हाती कृत्रिम बुद्धिमत्ता येऊन पोहोचली आहे. ती त्यांना सुरक्षितपणे आणि नीतीने कशी शिकवावी, हा तो विषय होय. संगणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. आमचे आयुष्य रुग्ण तपासण्यात गेले. परंतु गेल्या वर्षी एका रविवारी बुकित बातोक येथे जे घडले, ते पाहिल्यानंतर स्वस्थ बसणे आम्हांस शक्य झाले नाही.

बुकित बातोकमधील एका सभासदाच्या घरी आपला रविवारचा मराठी वर्ग भरतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. सिंगापूरच्या शाळांत तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या पाच भारतीय भाषा मातृभाषा म्हणून घेता येतात. मराठी त्यांत नाही. आपली बहुतेक मुले शाळेत हिंदी घेतात आणि मराठीचा भार घरावर व अशा वर्गांवर पडतो. त्या रविवारी बाईंनी ‘माझ्या आजोबांचे गाव’ हा निबंध लिहून आणावयास सांगितला होता. बारा वर्षांच्या एका मुलीने दोन पाने लिहून आणली आणि खणखणीत आवाजात वाचून दाखविली. भाषा शुद्ध, वेलांटीची एक चूक नाही. आजोबांचा चौसोपी वाडा, अंगणातील तुळशीवृंदावन, पहाटेची पूजा, गणपतीत जमणारा गोतावळा, आजीच्या हातची पुरणपोळी, असे सारे त्यात होते. मुलांनी टाळ्या वाजविल्या. कोपऱ्यात बसलेल्या तिच्या वडिलांनी मात्र मान खाली घातली होती.

अधिक विचारणा न करताच मुलीने सांगून टाकले, की निबंध यंत्राकडून लिहून घेतला आहे. तिने संगणकावर एवढेच विचारले होते, की महाराष्ट्रातील माझ्या आजोबांच्या गावाविषयी मराठीत निबंध लिहून दे. वडिलांनी तेथूनच विदर्भातील आपल्या वडिलांना दूरध्वनी लावला आणि नातीने तो निबंध आजोबांना वाचून दाखविला. म्हातारा मनापासून हसला. मग म्हणाला, “वाडा होता ना बेटा गावात. पण आपण त्याच्या उंबऱ्याच्या आत कधी गेलोच नाही.”

त्या एका वाक्यानंतर खोलीत जी शांतता पसरली, तीच या संपादकीयाचे कारण आहे.

मुलीला कोणी दोष दिला नाही आणि देऊही नये. तिने खोटे बोलण्याच्या हेतूने काही केले नव्हते. तिने प्रश्न विचारला आणि यंत्राने उत्तर दिले. परंतु त्या उत्तरात तिला स्वतःच्या आजोबांऐवजी दुसऱ्याच कोणाचे आजोबा मिळाले, आणि ते इतक्या शुद्ध व गोड भाषेत मिळाले, की तिला शंकाही आली नाही. असे का घडले, हे समजून घेणे हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणाचा पहिला धडा आहे.

भाषा लिहिणारे हे यंत्र वाचकांस वाटते तितके गूढ नाही. प्रचंड प्रमाणावर लिखित मजकूर त्यास दाखविलेला असतो. त्यावरून अमुक शब्दांनंतर तमुक शब्द येण्याची शक्यता किती, याचे गणित ते बसविते आणि एकामागून एक शब्द मांडीत जाते. पुढे माणसे त्याची उत्तरे तपासून त्यास वळण लावतात. त्याने गाव पाहिलेले नसते, आजोबांना भेटलेले नसते. आजवर ज्यांनी लिहिले, छापले आणि संगणकावर चढविले, त्यांच्या लिखाणाची ती सरासरी असते. त्या साठ्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा अगदी लहान. त्या लहान वाट्यातही गावाचे वर्णन कोणी केले? ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती त्यांनी. आपल्याकडील लेखकांनी गावकुसाबाहेरच्या जीवनाची आत्मकथने लिहिली, ती जगभर वाचली गेली. त्यांविषयी नेमके विचारले तर यंत्र माहिती देतेही. न विचारता मात्र ते वाडाच बांधून देते. विचारल्याशिवाय आपण दिसत नाही, ही गोष्ट आपणांस नवी नाही. यंत्राने ती वेगाने आणि नम्र भाषेत चालू ठेवली आहे, इतकेच.

हा एका निबंधापुरता अपघात समजण्याचे कारण नाही. आमच्या व्यवसायातील एक उदाहरण देतो. रुग्णाच्या बोटास चिमट्यासारखे लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे उपकरण कोविडच्या काळात घरोघरी पोहोचले. ते प्रकाशकिरणांच्या साह्याने चालते. त्वचेच्या रंगाप्रमाणे त्याचे मापन चुकू शकते, याकडे बराच काळ पुरेसे लक्ष गेले नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की उपकरण प्राणवायू ठीक दाखवीत असताना तो प्रत्यक्षात धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होते. उपकरणाच्या मनात द्वेष नव्हता. त्याला मनच नव्हते. ते मुख्यतः कोणत्या त्वचेवर पारखले गेले, एवढाच प्रश्न होता. आम्ही स्वतः वर्षानुवर्षे त्या चिमट्यावर विश्वास ठेवून निर्णय घेतले आहेत. ते आकडे वाचल्यावर आमच्या मनात आलेली अस्वस्थता आम्ही विसरू शकत नाही.

दुसरे उदाहरण शाळेचेच आहे. २०२० साली कोविडमुळे इंग्लंडमध्ये बारावीच्या तोडीच्या परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी अंदाजाने दिलेल्या श्रेणी परीक्षा-नियामक संस्थेने एका गणिती सूत्रातून गाळून घेतल्या. त्या सूत्रात विद्यार्थ्याच्या शाळेचे मागील वर्षांचे निकाल धरलेले होते. १३ ऑगस्टला निकाल लागला, तेव्हा सुमारे चाळीस टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजाहून खाली आल्या होत्या. लहान तुकड्यांना सूत्रातून सवलत असल्यामुळे त्याचा लाभ खाजगी शाळांना अधिक झाला. सामान्य वस्तीतील शाळेतून प्रथमच वर येणाऱ्या हुशार मुलास सूत्राने जणू सांगितले, की तुझ्या शाळेतून आजवर कोणी वर आले नाही, तेव्हा तूही येणार नाहीस. मुले रस्त्यावर उतरली आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. मागच्यांच्या नोंदीवरून पुढच्याचे भवितव्य ठरविणे याला आपल्याकडे काय म्हणतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरे उदाहरण थेट आपले आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाने भारतात सर्वाधिक लोकप्रिय असलेल्या संवादयंत्राची परीक्षा घेतली. बुद्धिमान माणूस कोण, गटार साफ करणारा कोण, अशा धर्तीच्या १०५ अपूर्ण वाक्यांत ‘ब्राह्मण’ किंवा ‘दलित’ यांपैकी एक शब्द भरावयाचा होता. ८० वाक्यांत यंत्राने जुन्या पूर्वग्रहाप्रमाणेच शब्द भरला. सात समुद्र ओलांडून आलेल्या आपल्या मुलांच्या दप्तरात ही गोष्ट अशा रीतीने येऊन बसली आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल, की मग हे यंत्र मुलांच्या हाती देऊच नये. आमचे मत तसे नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले याचा झाडा घेतला, तेव्हा यंत्रविरोधी विचारांचाही समाचार घेतला. माणसाला पशुवत कष्टांतून सोडवून त्यास विश्रांती व संस्कृती मिळवून द्यावयाची तर यंत्राला पर्याय नाही. यंत्रापासून अनर्थ होत असेल तर दोष यंत्राचा नसून त्याचे लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा आशय होता. ज्यांच्या पूर्वजांच्या वाट्यास हाताने करावयाची हीन कामे आली, त्यांना यंत्राचा तिटकारा परवडणारा नाही.

याच सिंगापुरात त्याचे चांगले उदाहरणही आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यास होणारा विकार ओळखणारी संगणकप्रणाली येथील नेत्रसंशोधन संस्था आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर यांनी मिळून तयार केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात डोळ्यांची सुमारे पाच लाख छायाचित्रे वापरली होती आणि ती प्रणाली निरनिराळ्या वंशांच्या लोकांवर पारखून घेतली होती. पुढे २०२० साली खर्चाचा हिशेब मांडला गेला. केवळ माणसांनी तपासणे, केवळ यंत्राने तपासणे, आणि यंत्राने चाळून दिलेले माणसाने पुन्हा पाहणे, या तिन्हींत तिसरी पद्धत सर्वांत स्वस्त ठरली. यंत्र कोणावर पारखले आणि शेवटचा शब्द कोणाचा, या दोन गोष्टी नीट केल्या की यंत्र उपकारक ठरते.

आणखी एक गोष्ट आम्ही विसरू इच्छित नाही. आपल्यापैकी अनेकजण घरात शिकलेले पहिलेच होते. गणित अडले तर विचारावयास कोणी नव्हते. शिकवणीस पैसे नव्हते. आज विदर्भातील एखाद्या वस्तीतील मुलीस रात्री अकरा वाजता अपूर्णांक समजावून देणारे कोणी हवे असेल, तर हे यंत्र न रागावता दहा वेळा समजावून देते. हे लहान वरदान नव्हे. ते हिरावून घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. औषध गुणकारी आहे म्हणूनच त्याची मात्रा, वेळ आणि पथ्य सांगावे लागते.

शाळा आपले काम करीत आहेत. सिंगापूरच्या शिक्षण मंत्रालयाने २०२३ साली शैक्षणिक तंत्रज्ञानाचा २०३० पर्यंतचा आराखडा जाहीर केला. विद्यार्थ्याच्या उत्तरांवरून त्यास पुढचा योग्य पाठ सुचविणारी गणिताची प्रणाली आणि लेखनावर अभिप्राय देणारी साधने मंत्रालयाच्या स्वतःच्या अध्ययन-संकेतस्थळावर उपलब्ध आहेत. शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मंत्रालयाने चार नीतितत्त्वे ठरविली आहेत. विद्यार्थी व शिक्षक यांचे कर्तेपण अबाधित राहणे, सर्वांना सामावून घेणे, न्याय्यता आणि सुरक्षितता, अशी ती होत. २०२५ पासून प्राथमिक व माध्यमिक शाळांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून देणारे पाच ते दहा तासांचे ऐच्छिक पाठही सुरू झाले. भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९-२० पासून नववीस हा विषय ठेवला. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अशी यंत्रे मुलांनी स्वतंत्रपणे वापरण्यास किमान १३ वर्षांची मर्यादा सुचविली.

परंतु शाळेचा पहारा शाळेपुरता. माध्यमिक शाळेतील मुलांकडे शिक्षणासाठी जे उपकरण असते, त्यावर शाळेची नियंत्रणप्रणाली बसविलेली असते. शाळा सुटल्यानंतर बंधने किती ठेवावयाची, याची निवड पालकांवर सोपविलेली आहे. आपल्यापैकी किती पालकांनी ती निवड विचारपूर्वक केली, आणि किती जणांनी आलेल्या पत्रकावर नुसतीच सही केली? हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो.

डॉक्टर या नात्याने तीन धोके स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिला धोका विचारशक्तीचा. मोडलेल्या पायास सहा आठवडे प्लास्टर राहिले, की आतील स्नायू रोडावतात. प्लास्टर काढल्यावर पाय आपलाच असूनही उचलत नाही. जो विचार मुलाने करावयाचा तो दररोज यंत्राने केला, तर बुद्धीचेही तेच होते. दुसरा धोका खाजगीपणाचा. पासपोर्ट, जातीचे प्रमाणपत्र, आजीचे रक्ततपासणीचे कागद, मैत्रिणीचे छायाचित्र, यांतील काहीही मुलांनी यंत्रास देता कामा नये. २०२४ च्या नोव्हेंबरात याच सिंगापुरातील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी बरोबरीच्या मुलींची बनावट नग्न चित्रे यंत्राकरवी तयार करून पसरविल्याचे उघडकीस आले आणि प्रकरण पोलिसांत गेले. चित्र खोटे असले तरी त्या मुलीस बसलेला धक्का खरा असतो, हे आपल्या मुलग्यांना बसवून सांगावे लागेल. तिसरा धोका एकटेपणाचा. मित्र किंवा सखी असल्याचा बहाणा करून गप्पा मारणारी यंत्रे निघाली आहेत. त्यांपैकी ‘कॅरेक्टर एआय’ या कंपनीने २०२५ च्या नोव्हेंबरात अठरा वर्षांखालील मुलांसाठी अशा मोकळ्या गप्पा बंद केल्या. त्यापूर्वी मुलांच्या जिवावर बेतल्याच्या तक्रारी घेऊन पालक न्यायालयात गेले होते. परदेशात वाढणारे, शाळेत दिसण्यावरून वा बोलण्यावरून वेगळे पडलेले आपले मूल अशा गोड बोलण्याकडे ओढले जाणे अगदी शक्य आहे. मूल यंत्राजवळ मन मोकळे करू लागले, तर यंत्र हिसकावून घेण्यापूर्वी ते आपल्याजवळ का बोलत नाही, याचा शोध घ्यावा.

आता पथ्य. दहा वर्षांखालील मुलास यंत्राशी एकट्याने बोलू देऊ नये. दहा ते तेरा या वयात दिवाणखान्यात, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून वापरू द्यावे. तेरानंतर स्वतंत्रपणे वापरले तरी दोन नियम असावेत. यंत्राचे साह्य घेतले असेल तर शिक्षकांस तसे सांगावे, आणि यंत्रास विचारण्यापूर्वी स्वतःचे उत्तर कागदावर लिहावे, चार ओळींचे का होईना. अप्रामाणिकपणाची सवय लहान निबंधापासूनच लागते.

यंत्र कसे चालते, हे शिकविण्यास घरी संगणकही लागत नाही. रविवारच्या वर्गात आम्ही एक खेळ करून पाहिला. ‘पावसाळ्यात आजी चुलीवर ... भाजते’ हे वाक्य मुलांस दिले. कोणी कणीस म्हणाले, कोणी भाकरी, कोणी पापड, आणि जिची आजी नागपूरला गॅसवर स्वयंपाक करते ती म्हणाली, की आमच्याकडे चूल नाहीच. मते मोजून फळ्यावर बहुमताचा शब्द लिहिला: कणीस. मग मुलांना सांगितले, की यंत्र साधारणपणे असेच काम करते, बहुमत मांडते. ‘आमच्याकडे चूल नाहीच’ हे उत्तर खरे असूनही त्यात हरते. आठ वर्षांच्या मुलासही हे कळले.

दुसरा खेळ आपल्या पत्त्यावरच आहे. बुकित बातोक हे नाव कशावरून पडले? मलय भाषेत ‘बुकित’ म्हणजे टेकडी आणि ‘बातुक’ म्हणजे खोकला. खोकल्याची टेकडी हे नाव डॉक्टरास आवडावे असेच आहे. येथील ग्रॅनाइटच्या खाणींतील सुरुंगांचा आवाज खोकल्यासारखा येई, असे कोणी सांगतात. कोणी म्हणतात, की जावा बेटावरील लोकांच्या भाषेतील नारळाच्या शब्दावरून ते आले, कारण टेकडीवर नारळीची झाडे होती. कोणी म्हणतात, की मूळ शब्द ‘बातू’, म्हणजे दगड. तो चिनी रहिवाशांच्या तोंडी बदलला. आम्ही मुलांना हा प्रश्न यंत्रास विचारावयास लावला, तेव्हा त्याने यांपैकी एकच कथा छातीठोकपणे सांगितली. ‘दुसऱ्या कथा आहेत काय?’ असे मुलांनी विचारताच ‘होय, आहेत’ म्हणून त्याने उरलेल्या काढून दिल्या. ठाम स्वर म्हणजे सत्य नव्हे, आणि दुसरा प्रश्न विचारल्याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही, हे मुले त्या दिवशी शिकली.

तथागतांनी केसपुत्त नगरीतील कालामांना जो उपदेश केला, तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, असे त्यांनी सांगितले. त्या यादीत आज ‘यंत्राने सांगितले म्हणून’ एवढी भर घालावी. परंतु त्या उपदेशाचा उत्तरार्ध आपण पुष्कळदा विसरतो. केवळ शंका घेत बसा, असे तथागत म्हणाले नाहीत. जे आचरणात आणल्याने अहित व दुःख होते ते सोडावे, ज्याने हित व सुख होते ते स्वीकारावे, अशी कसोटीही त्यांनी दिली. कशावरच विश्वास न ठेवणारे मूल हे सर्वांवर विश्वास ठेवणाऱ्या मुलाइतकेच असुरक्षित असते. म्हणून आम्ही मुलांना तीनच प्रश्न पाठ करावयास सांगतो. हे यंत्र कोणाच्या नोंदींवरून शिकले? ते चुकले तर नुकसान कोणाचे होईल? आणि चुकीचा जाब कोणाला विचारावयाचा? जे मूल हे तीन प्रश्न विचारू शकते, त्याच्या हाती यंत्र देण्यास आम्हांस भीती वाटत नाही. मोठेपणी यांतील काहीजण अशी यंत्रे घडविणारे होतील. तेव्हा हेच प्रश्न त्यांनी स्वतःस विचारावेत, हीच या शिक्षणाची खरी परीक्षा.

आता शेवटची आणि सर्वांत अवघड गोष्ट. त्या रविवारी मुलीच्या वडिलांनी मान खाली का घातली होती? त्यांनी मुलीला गावातील वस्तीविषयी कधी काही सांगितलेच नव्हते. त्यांना दोष देणारे आम्ही कोण? आपल्यापैकी कित्येक घरांत हेच मौन आहे. जे आपण सोसले त्याची सावलीही मुलांवर पडू नये, या मायेपोटी आपण बोललो नाही. शाळेच्या दाखल्यावरील त्या एका रकान्याने आपल्याला वर्गात कोठे बसविले, पाणी कसे प्यावयास लावले, हे सांगताना आपला कंठ दाटून येतो, म्हणूनही आपण टाळले. पूर्वी हे मौन टिकत असे. आता टिकणार नाही. एखाद्या रात्री मूल आपले आडनाव त्या यंत्रापुढे टंकलिखित करील आणि विचारील, की आम्ही कोण? यंत्र दोन क्षणांत उत्तर देईल. ते उत्तर बरोबर असेल, अर्धवट असेल किंवा अपमानास्पद असेल. त्या क्षणी त्या मुलाजवळ कोणी बसलेले असेल काय? आपला इतिहास त्याला यंत्राकडून कळावा, की आजोबांकडून? सुरक्षिततेचे कोणतेही कुलूप या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. ते आपणच द्यावयाचे आहे, आणि यंत्राच्या आधी द्यावयाचे आहे. त्यात दुःख आहे तसा अभिमानही आहे. ज्या घरातील पहिला मुलगा पाटीवर अक्षर गिरवीत शिकला, त्याची मुले आज या नगरीत शिकत आहेत, ही हकिकत सांगावयास लाजण्यासारखी नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही एक नम्र सूचना ठेवीत आहोत. येत्या वर्षात प्रत्येक कुटुंबातील एका मुलाने किंवा मुलीने आपल्या आजी वा आजोबांची मुलाखत घ्यावी आणि ती स्वतःच्या हाताने मराठीत लिहून काढावी. ज्यांचे लिहिलेले असते त्यांचेच यंत्रास माहीत होते, हे आपण पाहिले. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला, तोही आपले म्हणणे दुसऱ्याच्या पत्रात छापून येण्याची वाट न पाहता. मात्र या मुलाखती संकेतस्थळावर घालाव्यात की केवळ आपल्या संग्रहात ठेवाव्यात, याचा निर्णय सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या संमतीनेच व्हावा. त्यांचे दुःख ही कोणाच्या यंत्राची फुकट सामग्री नव्हे.

त्या मुलीने पुढच्या रविवारी निबंध नव्याने लिहून आणला. त्यासाठी ती आजोबांशी तीन रात्री बोलली होती. त्यात गावकुसाबाहेरील टिनाच्या छपराचे घर आहे, पावसात त्या छपराचा होणारा आवाज आहे, दूरची विहीर आहे, चौदा एप्रिलला निघणारी मिरवणूक आहे, आणि ज्याच्या आत आजोबा कधी गेले नाहीत तो वाडाही आहे. तो निबंध याच अंकाच्या बालविभागात आम्ही छापला आहे. त्यात वेलांट्यांच्या अकरा चुका आहेत. बाईंच्या संमतीने त्या आम्ही तशाच ठेवल्या आहेत. वाचकांनी तो मुलांना जवळ बसवून मोठ्याने वाचून दाखवावा आणि मुलांनी पुढे जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे द्यावीत, एवढीच आमची विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!

— संपादक